नवजवान मंडळाचे मयत सभासद

चिकलठाण्याच्या नवजवान क्रिकेट मंडळात माणूस मेला तरी त्याचं सभासदत्व मरत नसे. ही नुसती बोलण्याची रीत नव्हे. मंडळाच्या घटनेत तसं कलमच होतं, आणि ते हिमानीच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

त्यामागची हकिकत मंडळात सगळ्यांना पाठ होती. औद्योगिक वसाहतीतले कामगार आणि गावातली शेतकऱ्यांची पोरं मिळून टीम उभी राहिली, तेव्हा माऊली शेळके नावाचा एक वेगवान गोलंदाज तिच्यात होता. मंडळाची रीतसर नोंदणी करायचं ठरलं, अर्जावर सह्या झाल्या, आणि अर्ज दाखल व्हायच्या आतच बदनापूरला मॅच खेळायला निघालेल्या माऊलीच्या लुनाला जालना रोडवर ट्रकनं उडवलं. आता त्याचं नाव गाळायचं तर नवा अर्ज करायचा आणि त्यावर माऊली सोडून सगळ्यांनी पुन्हा सह्या करायच्या. ते कुणाच्या हातून होईना. हिमानीचे वडील केशव वालूरकर तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते, मसुदे लिहिण्यात वाकबगार. त्यांनी एका रात्रीत तोड काढली. ‘सभासदत्व आजीव राहील आणि सभासदाच्या मृत्यूमुळे ते संपुष्टात येणार नाही.’ नोंदणी होऊन गेली. तिकडं कुणी ते वाक्य वाचलं की नाही, देव जाणे.

पुढं त्याची रीतच पडून गेली. मंडळातलं कुणी वारलं की त्यानंतरच्या पहिल्या मॅचला दहाच जण उतरायचे. अकरावं नाव गेलेल्याचं. त्याच्या नंबराला त्याची पाळी आली की मागच्या फलंदाजानं पॅड बांधून सीमारेषेशी थांबायचं, आणि अंपायरनं ‘चला’ म्हटल्यावरच आत पाऊल टाकायचं. समोरची टीमही तेवढा वेळ टाळ्या न वाजवता उभी राहायची.

कार्तिकात केशवराव गेले. त्यांच्या मॅचला हिमानी फाटकाजवळ उभी होती. चौथ्या नंबराला सगळं मैदान थांबलं, धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचा आवाज तेवढा मोठा झाला. तिला रडू आलं नाही. बाबा असते तर म्हणाले असते, आटपा, उजेड जाईल, एवढंच तिच्या मनात आलं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी विश्वजीत ठोंबरे हिमानीच्या सिडकोतल्या घरी आला. आप्पासाहेबांचा मुलगा. आप्पासाहेब आणि केशवराव पहिल्यापासूनचे सोबती. मंडळाचं मैदान म्हणजे आप्पासाहेबांच्या वडिलांनी बक्षीसपत्र करून दिलेली जमीन. दिली तेव्हा तिच्यावर कुसळं उगवायची. आता एका अंगाला जालना रोड होता, दुसऱ्या अंगाला विमानतळ, आणि मधल्या त्या तुकड्याचा भाव काढताना लोकांचा आवाज आपोआप खाली यायचा.

घरात दुखवट्याचं वर्ष म्हणून विश्वजीतनं गोड काही आणलं नव्हतं. शेतातला हुरडा आणला होता. दमयंतीबाईंच्या, म्हणजे हिमानीच्या आईच्या पाया पडला, चहा घेतला, केशवकाकांच्या कव्हर ड्राइव्हची आठवण काढली. मग म्हणाला, “ताई, काकांचा मृत्यूचा दाखला लागेल. एक झेरॉक्स दिली तरी भागतंय.”

हिमानी विमा कंपनीच्या दावे विभागात होती. समोर बसलेल्याकडं ती रोज हाच कागद मागायची. मूळ प्रत आणि दोन साक्षांकित नकला. दाखला मागणाऱ्याचं त्यामागं काहीतरी काम असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कशाला हवाय, असं तिनं विचारलं.

विश्वजीतनं लपवाछपवी केली नाही. धर्मादाय कचेरीत मंडळाचे विश्वस्त म्हणून सात नावं नोंदलेली होती, ती सुरुवातीपासून तीच. माणसं जात राहिली, कचेरीला कुणी कळवलं नाही. कळवणार कसं, मंडळाच्या लेखी ती गेलेलीच नव्हती. आता सातांत हयात राहिले एकटे आप्पासाहेब. बाकी सहांचे दाखले जोडून तसा बदल अहवाल दिला की मैदानाचा कारभार त्यांच्या एका सहीवर येणार. मग पुण्याच्या एका कंपनीला तीस वर्षांचा भाडेपट्टा. दिव्यांच्या झोतातलं टर्फ, कँटीन, मागच्या बाजूला लग्नाचं लॉन.

“मैदान काही पळून चाललं नाय,” तो म्हणाला. “रविवारी सकाळी दोन तास तुमच्या म्हाताऱ्यांना फुकट. तसं लिहून देतो. आज काय अवस्था आहे बघा. महापालिकेची कराची नोटीस फाटकाला लटकलीय. बँकेचं खातं चालायचं काकांच्या आन् आमच्या वडलांच्या जोडसहीवर, ते बी थांबलं. भावनेवर लाइटबिल भरता येत नाय, ताई.”

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून हिमानीला ते अधिक लागलं. ती म्हणाली, दाखला मिळणार नाही.

“मला महापालिकेतनं मिळंल.”

“मग तिथून घ्या.”

तो हसला, उठला, पुन्हा दमयंतीबाईंच्या पाया पडून गेला. दार लावून घेतल्यावर दमयंतीबाई म्हणाल्या, “त्याला नको देऊस. पण मला तरी दे. पेन्शनच्या कचेरीत तीन महिने झाले, काही कळवलेलं नाही आपण. हयातीचा दाखला गेला नाही म्हणून त्यांची थांबली, आणि माझी सुरू होत नाही. गॅसही त्यांच्याच नावावर चाललाय.”

दाखल्याच्या प्रती हिमानीनं कामाच्या सवयीनं जास्तीच्या काढून आणल्या होत्या. कपाटातल्या पाकिटात त्या तशाच होत्या. उद्या बघते, असं तिनं सांगितलं. आईनं हुरडा निवडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर हिमानी मैदानावर गेली. साहेबराव दौड मॅटिंग गुंडाळत होते. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली होती, पण विकेटकीपिंग सुटलं नव्हतं आणि कप्तानपदही. मंडळाच्या हयात माणसांत शब्द चालायचा तो त्यांचाच. हिमानीचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आप्पासाहेबांच्या पोराचा अस्सल मराठवाडी भाषेत उद्धार केला आणि म्हणाले, सोपं हाय, सभा बोलवू, नवी कमिटी निवडू, आन् सांगू कचेरीला, हे आमचे विश्वस्त.

सभा बोलावली. हयात होते तेवढे झाडून सगळे आले. वाळूजहून, जालन्याहून, एक जण तर डोळ्याच्या ऑपरेशनची हिरवी पट्टी लावून. हिमानीही सभासद होती. शाळेत असल्यापासून ती धावसंख्या लिहायची, आणि अठरा पूर्ण झाल्या दिवशी वडिलांनी तिचं नाव घातलं होतं. तिनं आपली कॉलेजातली मैत्रीण मेघा हिला सोबत आणलं होतं. मेघा वकील होती आणि विश्वस्त संस्थांचीच कामं करायची. सभेच्या आधी तिनं घटना वाचायला मागितली. वाचता वाचता ती एका जागी थांबली, मागं गेली, पुन्हा पुढं आली.

सभा भरायला निम्मे सभासद हजर लागतात, असं घटनेत होतं. तहकूब सभेची तरतूद नव्हती. आणि सभासद म्हणजे सगळे, कारण मेल्यानं कुणी कमी होत नव्हतं. इतक्या वर्षांत हयातांपेक्षा मयतांची संख्या कधीच वर गेली होती.

साहेबरावांनी ते दोनदा समजून घेतलं. “म्हंजी मेलेल्यांनी हजेरी लावल्याबिगर सभा भरायची नाय?”

“कागदावर तसंच आहे, काका.”

“आन् हे कलम बदलायचं म्हणलं तर?”

“त्यालाही सभा लागेल.”

पट्टीवाला म्हणाला, मग पुढची सभा कैलासनगरच्या स्मशानात ठेवू, निम्मे तिथंच हायेत, रिक्षाभाडंबी वाचंल. सगळे खो खो हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी तरीही सभा घेतली, हात वर करून कमिटी निवडली, कारण दुसरं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही.

घरी आल्यावर हिमानीनं ते कलम पुन्हा वाचलं. दिवसभर ऑफिसात ती अशीच वाक्यं तपासायची. एखादा शब्द सैल असतो, आणि त्याच्या फटीतून माणसाला आपला हक्क बाहेर काढता येतो. बाबांच्या वाक्याला कुठं फट नव्हती. पाचवीच्या मुलालाही कळेल इतकं ते स्वच्छ होतं. मृत्यूला हरवायला बसलेल्या एका तरण्या कारकुनानं ते लिहिलं होतं आणि त्यानं मैदान अलगद उचलून विश्वजीतच्या हातात दिलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला वडिलांचा राग आला. चांगला, भरभरून राग आला. त्या रात्री तिला झोपही चांगली लागली.

सुनावणी फेब्रुवारीत लागली. विश्वजीतनं आपला बदल अहवाल दाखल केला होता, सहा मयत विश्वस्तांची नावं कमी करण्यासाठी. मंडळानं नव्या कमिटीचा दिला होता. अधिकारी बाई मध्यम वयाच्या होत्या, समोर फायलींची चळत, बोलणं कमी. आप्पासाहेब आले नव्हते. विश्वजीतचे वकील उठले आणि त्यांनी मंडळाच्या सभेचा पाच मिनिटांत निकाल लावला. घटनेतलं कलम वाचून दाखवलं. मृत्यूनं सभासदत्व संपत नाही, सबब एकूण सभासद इतके, हजर त्याच्या निम्म्याहून कमी, सबब सभा बेकायदा, सबब त्या कमिटीला उभं राहायलाही जागा नाही.

मेघा निकालांचे दाखले काढत होती. हिमानीनं तिच्या बाहीला हात लावला आणि मग स्वतःच उभी राहिली. मी सभासद आहे, एक विचारायचंय, असं तिनं सांगितलं. बाईंनी मान हलवली.

“वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे माझे वडील, केशव वालूरकर, आजही सभासद आहेत?”

वकील म्हणाले, कलम स्पष्ट आहे.

“मग ते विश्वस्तही आहेत. घटनेप्रमाणे विश्वस्त कमी होतो दोनच कारणांनी. सभासदत्व संपलं तर, किंवा त्यानं राजीनामा दिला तर. सभासदत्व संपलेलं नाही, असं तेच म्हणतायत. राजीनामा माझ्या वडिलांनी दिलेला नाही. म्हणजे सात विश्वस्त आजही सात आहेत, आणि आप्पासाहेब त्यांत एक. सातांत एक म्हणजे बहुमत कसं?”

मागच्या बाकावरून साहेबरावांचा ‘आयला’ ऐकू आला. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. विश्वजीतच्या वकिलांकडं वळून त्या म्हणाल्या, “एका अर्जात माणूस मेलेला आणि दुसऱ्यात जिवंत, असं नाही चालणार. एक काहीतरी ठरवा.”

वकिलांनी मुदत मागितली. बाईंनी दोन्ही बाजूंना सांगितलं, मयतांबद्दल तुमचं म्हणणं लेखी द्या, आणि ते सगळीकडं एकच असलं पाहिजे. तोवर मैदान आहे तसं राहील.

बाहेर आल्यावर साहेबरावांनी चौकातून पेढे आणले. ‘केशवरावनं मेल्यावरबी मॅच काढली’, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. त्या रविवारी मैदानावर सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं की आता काही करायचंच नाही. मयत आहेत तसे राहू द्यायचे. ते आहेत तोवर आप्पासाहेबाला सही करता येत नाही, भाडेपट्टा होत नाही, मैदान सुटलं. म्हणणं द्यायचं ते तसंच देऊ.

हिमानी बाउंड्रीवरच्या लोखंडी खुर्चीत बसून ऐकत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, असं केलं तर मैदान जाईल.

का, कसं, असा गलका झाला. तिनं सावकाश सांगितलं. मयत राहिले तर आप्पासाहेबांना सही करता येत नाही, तशी आपल्यालाही येत नाही. कमिटी नाही म्हणून खातं बंद. खातं बंद म्हणून कर भरता येत नाही. आज नोटीस आहे, पुढं सील लागेल, त्याच्यापुढं लिलाव. आणि कमिटी नाही म्हणजे नवीन सभासदही घेता येत नाही. म्हणजे इथून पुढं मंडळात माणूस फक्त एकाच दिशेला जाणार. विश्वजीतला काही करायची गरजच नाही. त्यानं नुसतं थांबायचं.

साहेबराव म्हणाले, “मग तुझं म्हणणं काय?”

“मेलेल्यांना मेलेलं म्हणा. दाखले जोडा. ते सभासदांतून आणि विश्वस्तांतून, दोन्हीकडून कमी झाले की राहतात हयात, आणि हयात सगळे इथं बसलेत. गणपूर्तीचा प्रश्नच येत नाही.”

“आन् मधल्या मधी आप्पासाहेब एकटा उरंल. त्येनं तेवढ्यात सही ठोकली म्हंजी?”

ते खरं होतं, आणि हिमानीनं ते नाकारलं नाही. कचेरीनं मैदान तसंच ठेवायला सांगितलंय, त्यावर भरवसा ठेवायचा आणि सभा लवकरात लवकर घ्यायची, एवढंच तिच्याकडं उत्तर होतं. धोका आहे, ती म्हणाली.

“धोक्याचं सोड.” साहेबरावांचा आवाज चढला. “ह्या मैदानात आम्ही एकाबी माणसाचं नाव खोडलं नाय. तुझ्या बापानं लिहिलंय ते. त्याची राख थंड झाली नाय आन् त्याची लेकच रबर घिऊन निघाली. पोरी, काय वाटतं का तुला?”

हिमानीनं पर्स उघडली. पाकिटातून दाखल्याची एक प्रत काढली, मॅटिंगवर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर बॉल ठेवला.

“काका, बाबांना इथं दहा जण उभे राहून मान दिलात, ते मी पाहिलंय. पण पेन्शनच्या कचेरीला मी अजून कळवलेलं नाही. आई चार महिने पैशाला अडलीय. बाबा मेले हे मी कुठंच सांगितलं नाही. तुम्हाला काय वाटतं का विचारताय? हेच वाटत होतं, जे तुम्हाला वाटतं. आणि त्यापायी घरातलं हयात माणूस उपाशी ठेवायची वेळ आली. पहिलं नाव त्यांचं कमी करा.”

साहेबरावांनी बॉल उचलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की त्यांच्या थोरल्या भावाचा, जो मंडळाचा सलामीचा फलंदाज होता, दाखला त्यांच्याकडंच आहे, आणि त्याच्या नकला किती काढायच्या.

दाखले गोळा व्हायला लागले. घरोघर जावं लागलं. बहुतेक ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी सुनेनं दारातूनच विचारलं, काही रक्कम मिळणार आहे का. माऊलीचा मात्र दाखलाच नव्हता. त्या काळी नोंद कुणी केली नव्हती. घरातलं उरलं होतं एकच माणूस, त्याची धाकटी बहीण मालनबाई, बिडकीनला दिलेली. तिचं प्रतिज्ञापत्र चालेल, असं मेघा म्हणाली.

हिमानी आणि साहेबराव बिडकीनला गेले. मालनबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. साहेबरावांनी तिथल्या स्टुलावर बसून, थोडं अडखळत, सगळी हकिकत सांगितली. माऊलीच्या नावाचं कलम, दहा जणांची रीत, अंपायरचं ‘चला’. आमच्यासाठी माऊली कधी मेलाच नाय, असं त्यांनी शेवटी म्हटलं आणि डोळे पुसले.

मालनबाई एका मुलीच्या हातात बांगड्या भरत होत्या. भरणं संपवून, पैसे घेऊन, मग त्या वळल्या.

“मला आज कळतंय हे. माय माझी हितं माझ्यापाशी त्याच्या नावानं रडून रडून गेली. तुमच्यापैकी एकबी कधी बिडकीनला आला नाय. आन् तिकडं तुमी त्याला उन्हात हुबा ठिवलाय?” त्यांनी साहेबरावांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. “तुमी म्हातारे झालात. त्यालाबी जरा बसू द्या की आता. कुठं करू सही?”

परत येताना चिकलठाण्याच्या वळणावर साहेबराव म्हणाले, “बराबर हाय बाईचं.” मग मैदानाच्या फाटकाशी, “लई बेक्कार बोलली, पर बराबर हाय.”

दाखले आणि प्रतिज्ञापत्र कचेरीत दाखल झाले. त्याच आठवड्यात हिमानीनं एक प्रत पेन्शनच्या कचेरीत दिली. खिडकीतल्या माणसानं मूळ प्रत दाखवा म्हटलं, तिनं दाखवली. नाव, तारीख, कारण, सगळं त्यानं बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, जसं ती स्वतः वाचायची. हिमानी खिडकीशी उभी राहून ते ऐकत होती. ते ऐकणं तिला जमलं.

विश्वजीतच्या बाजूला आता वाट नव्हती. मयत विश्वस्त मेलेले म्हणायचे तर मयत सभासदही मेलेले म्हणावे लागणार. त्याच्या वकिलांनी तसं लिहून दिलं, आणि कचेरीनं ते मान्य केलं. सभेची नोटीस निघाली, मैदानावर, रविवारी सकाळी, मॅचच्या आधी.

त्या दिवशी विश्वजीत आप्पासाहेबांना गाडीतून घेऊन आला. पांढरी, मोठी गाडी थेट आत आली आणि गवतावर उभी राहिली. आप्पासाहेब पुढच्या सीटवरच बसून राहिले; काच खाली होती. हिमानीनं कमी झालेली नावं वाचली. पहिलं माऊली शेळके, शेवटचं केशव वालूरकर. शेवटच्या नावालाही ती थांबली नाही. कुणी टोप्या काढल्या, कुणी नुसते उभे राहिले. मग हयातांची मोजणी झाली, सभा भरली, कमिटी निवडली गेली. सचिव म्हणून साहेबरावांनी हिमानीचं नाव सुचवलं. बाईमाणूस सचिव, असं मागून कुणीतरी पुटपुटलं, साहेबराव म्हणाले, “मग तू हो, आन् जा करवाल्यांच्या कचेरीत उद्या.”

विश्वजीत गाडीच्या खिडकीशी वाकला. “अण्णा, विरोध नोंदवा तुमचा.”

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी हिमानीला हात करून जवळ बोलावलं. “माऊलीचं बी काढलं?”

“काढलं.”

“त्याच्या बहिणीला इचारलं व्हतं?”

“विचारलं, काका. त्यांनीच सही दिली.”

त्यांनी मान हलवली. नुसती. होकार म्हणावा तर तो नव्हता आणि विरोधही नव्हता. सभेच्या कामकाजात तिनं लिहिलं, आप्पासाहेब ठोंबरे, तटस्थ.

सगळे मॅटिंग ओढायला गेले तेव्हा विश्वजीत हिमानीपाशी आला. रागावलेला दिसत नव्हता. म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण मी ह्याच्यावर हरकत घेणार, वर अपील करणार, तारखा पडत राहतील, तुम्ही नोकरी करणार का हेलपाटे घालणार. त्यापेक्षा मिटवून टाकू. कंपनीशी त्याचं बोलणं झालं होतं. कर ते एकरकमी भरतील. आणि मैदानाला नाव द्यायलाही ते तयार आहेत. मोठी कमान, रात्री जालना रोडवरून दिसेल असे दिवे. केशव वालूरकर क्रीडा संकुल.

“काकांचं नाव राहील, ताई. कायमचं.”

हिमानीनं कमानीची जागा बघितली. तिथं फाटक होतं आणि त्याच्यावर नोटीस होती. उद्या ऑफिसातून अर्धा दिवस काढून कराच्या कचेरीत जायचं होतं, हप्ते मागायला. परवा बँक.

“बाबांचं नाव आत्ताच कमी केलंय,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर, मी वाचून. ते पुन्हा कुठं लावायचं नाही.”

“विचार करा. घाई नाय.”

“आणि तारखा पडू द्या. प्रत्येक तारखेला मी रजा टाकून येईन. मला सवय आहे, विश्वजीत. लोकांचे दावे फेटाळायचा पगार मिळतो मला.”

तो हसला, पण थोडं उशिरा. पलीकडं साहेबरावांनी यष्ट्या रोवल्या. पाहुणी टीम छावणीतली होती, तिचे दोन्ही सलामीचे फलंदाज पॅड बांधून तयार होते, आणि नवजवान मंडळाचे अकराच्या अकरा जण, गुडघ्याला पट्ट्या लावलेले, पोटं सुटलेले, आपापल्या जागा धरत होते. अंपायरनं हात वर केला आणि तसाच ठेवला. तो गाडीकडं बघत होता.

“गाडी हलवा,” हिमानी म्हणाली. “बाउंड्रीच्या आत उभी आहे.”